टॅबलेट बाकावर सपाट ठेवला, तरीही?

पेटची तयारी करणाऱ्या दोघा-तिघांनी विचारलं होतं, 'पेपर वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं?' त्याचं उत्तर मी माझ्याच एका चुकीवरून देतो.

झालं असं, की वर्गात टॅबलेट आणू द्यायचा की नाही यावर आमच्या विभागात बैठक होती. मी एमएस्सीच्या एका बॅचचं प्रॅक्टिकल घेतो, म्हणून मलाही बोलावलं. सरांनी विचारलं, "यावर काही रिसर्च आहे का रे?" मी ऐटीत म्हणालो, "आहे ना सर, वेस्ट पॉइंटचा. टॅबलेटने मार्क कमी होतात." दोन दिवसांत बंदीची नोटीस लागली. खरं सांगायचं तर मी तोपर्यंत त्या पेपरचा फक्त ॲबस्ट्रॅक्ट वाचला होता. मग बॅचमधली एक मुलगी आली. "सर, माझी सगळी पुस्तकं त्यातच आहेत. प्रिंट काढायला परवडत नाही. मी काय करू?" मला उत्तर देता येईना. त्या रात्री पूर्ण पेपर वाचला.

पेपर कार्टर, ग्रीनबर्ग आणि वॉकर या तिघांचा, २०१७ चा, 'इकॉनॉमिक्स ऑफ एज्युकेशन रिव्ह्यू'मधला. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्या प्राथमिक कोर्सवर केलेला प्रयोग, विद्यार्थी ७२६. वर्गांचे तीन गट केले. पहिल्यात लॅपटॉप-टॅबलेट बंद. दुसऱ्यात पूर्ण मोकळीक. तिसऱ्यात फक्त टॅबलेट, तोही बाकावर सपाट, म्हणजे स्क्रीनवर काय चाललंय ते शिक्षकाला दिसेल. सेमिस्टरच्या शेवटी सगळ्यांना एकच परीक्षा.

निकाल: मोकळीक असलेल्या वर्गांचे गुण ०.१८ प्रमाण विचलनाने कमी. १०० गुणांच्या हिशेबात साधारण पावणेदोन गुण. आणि सपाट टॅबलेटवाल्या वर्गांतही घट जवळपास तेवढीच.

आधी याची ताकद बघा. या विषयावरचे बरेच अभ्यास 'जे लॅपटॉप वापरतात त्यांचे मार्क कमी' एवढंच दाखवतात. पण कंटाळलेला मुलगाच लॅपटॉप उघडत असेल तर? इथे आपला वर्ग कोणत्या गटात जाणार हे मुलांनी निवडलेलं नाही, त्यामुळे ती शंका बरीचशी गळून पडते. हा भाग मला आजही आवडतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'तुलना' हा शब्द आला, की गट कोणी निवडले हा प्रश्न स्वतःला आधी विचारा.

आता माझं भांडण. या प्रयोगात शिक्षकाने दिलेली *परवानगी* मोजली आहे. तिसऱ्या गटातल्या प्रत्येकाने टॅबलेट वापरलाच असं नाही. वहीत लिहिणारा मुलगाही त्याच गटात मोजला गेला. शेजारच्याच्या स्क्रीनकडे डोळे जाणं, शिकवणाऱ्याचा सूर बदलणं, सगळं त्या ०.१८ मध्ये मिसळलंय. घट लक्ष विचलित झाल्यामुळे आहे, नोट्स काढायच्या पद्धतीमुळे आहे की शिक्षकामुळे, हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही. लेखकांनीही तसा दावा केलेला नाही. दावा मी केला होता, बैठकीत.

दुसरी गोष्ट पेपरच्या आतल्या भागात आहे आणि ॲबस्ट्रॅक्टवर थांबणाऱ्याला ती दिसत नाही. परीक्षेत बहुपर्यायी, लघुत्तरी आणि निबंधवजा असे प्रश्न होते. मुख्य आकडा पहिल्या दोन प्रकारांवर उभा आहे. निबंधवजा प्रश्नांत ठळक फरक दिसलाच नाही. लेखकांचं म्हणणं, ते प्रश्न शिक्षक स्वतः तपासतात आणि प्रत्येकाचा हात कमी-जास्त सैल, म्हणून ते गुण तितके विश्वासार्ह नाहीत. युक्तिवाद पटण्यासारखा आहे (युनिव्हर्सिटीचे पेपर तपासलेल्या कुणालाही विचारा!). पण मग स्वतःच्या शब्दांत मांडणी करायला लावणारे प्रश्नच हिशेबातून बाहेर जातात. त्या कौशल्यावर टॅबलेटचा काय परिणाम होतो, याबद्दल हा पेपर जवळजवळ गप्प आहे.

तिसरं, जागा. वर्गात जास्तीत जास्त १८ मुलं, शिक्षण आणि राहणं मोफत, कडक शिस्त. तिथे टॅबलेट बंद केला तर मुलाचं फारसं अडत नाही. आमच्याकडे बंद केला तर त्या मुलीचं पुस्तकच बंद होतं. पावणेदोन गुणांचा तोटा आणि पुस्तक नसण्याचा तोटा यांची तुलना या पेपरने केलेली नाही, करणारही नव्हता.

जाता जाता: म्युलर आणि ओपेनहायमरचा २०१४ चा 'पेन विरुद्ध कीबोर्ड'वाला पेपरही लोक टॅबलेटच्या विरोधात वापरतात. तो लॅपटॉपवर टाइप करण्याबद्दल आहे, स्टायलसने लिहिण्याबद्दल नाही. शिवाय २०२१ मध्ये तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा लॅपटॉपवाले शब्दशः जास्त उतरवून घेतात हे दिसलं, पण त्यामुळे चाचणीत ते मागे पडतात हे दिसलं नाही. उद्धृत करायचाच असेल तर दोन्ही सोबत करा.

सरांना हे सगळं एका पानावर लिहून दिलंय आणि बैठकीत मी जास्त बोललो हेही कबूल केलंय. "बघू," म्हणाले. नोटीस अजून फळ्यावर आहे. माझ्या प्रॅक्टिकलला ती मुलगी टॅबलेट बाकावर सपाट ठेवून बसते, आणि मी तिला बंद करायला सांगत नाही.