अळंबी आणि चेतापेशी : पुरावा किती, प्रचार किती?

अळंबी खाल्ल्याने मेंदूतील चेतापेशींचे रक्षण होते, असा मजकूर अलीकडे वरचेवर वाचनात येतो. ‘लायन्स मेन’ या अळंबीची भुकटी आणि कॅप्सूल स्मरणशक्तीच्या नावाने विकल्या जातात. घरात आजोबा विसराळू होऊ लागले असतील, तर त्यावर विश्वास ठेवावासा वाटणे साहजिक आहे. म्हणूनच त्यामागचा पुरावा आम्हांला येथे तपासायचा आहे.

चेतापेशींची वाढ व जोपासना करणारे एक प्रथिन आपल्या शरीरात असते. अशा वाढ-घटकांच्या शोधाबद्दल रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० नंतरच्या दशकात जपानी संशोधकांनी ‘लायन्स मेन’मधून हेरिसेनोन व एरिनासिन ही संयुगे वेगळी केली. त्यांच्यामुळे काचपात्रातील पेशी हे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करू लागल्या. संशोधन मोलाचे आहे. पण काचपात्रात पेशीला थेट मिळणारे संयुग खाल्ल्यावर, पचनानंतर, मेंदूपर्यंत तेवढेच पोचेल असे मानता येत नाही.

माणसांवरचा एक प्रयोग जपानमध्येच झाला व २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य विसराळूपणा असलेल्या, ५० ते ८० वयाच्या ३० व्यक्तींपैकी निम्म्यांना १६ आठवडे रोज ३ ग्रॅम भुकटी दिली. त्यांचे चाचणीतील गुण वाढले. भुकटी थांबवल्यावर चार आठवड्यांनी ते घसरले. निष्कर्ष आशादायक, परंतु गट फारच लहान.

२०१९ मधील सिंगापूरचा अभ्यास ६६३ वृद्धांचा होता. आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा अळंबी खाणाऱ्यांत सौम्य बोधनऱ्हासाची शक्यता निम्म्याच्या आसपास आढळली. मात्र ही मंडळी धिंगरी, शिताके, बटण अशा नेहमीच्या अळंब्या खात होती. या आकड्याच्या आधारे ‘लायन्स मेन’ची भुकटी विकणे म्हणजे एकाची गुणपत्रिका दुसऱ्याच्या नावावर दाखवणे होय.

शिवाय हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. समजा, असाच अभ्यास घाटकोपरला केला. येथील अनेक जैन कुटुंबे अळंबी खात नाहीत. तेव्हा खाणारे व न खाणारे यांच्यात फरक केवळ अळंबीचा राहणार नाही. उपवास, मांसाहार, मद्यपान, व्यवसाय, सारेच वेगळे असेल. सिंगापूरच्या संशोधकांनी वय, शिक्षण, आजार इत्यादींचा हिशेब धरला होता. तरी न मोजलेली कारणे उरतातच. आणखी एक अडचण अशी की, काय व किती खाल्ले हे ज्यांना विचारायचे, त्यांच्यातील काहींची स्मृतीच अधू असते!

अळंबीची भाजी आवडत असेल तर जरूर खावी. प्रथिने व तंतू त्यात आहेतच. पण औषध म्हणून डबा विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : प्रयोग कोणावर झाला, किती जणांवर, आणि तुलना कोणाशी केली? विसराळूपणा वाढत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांसारखी उपचारयोग्य कारणेही त्यामागे असू शकतात. भुकटीवर विसंबून तो वेळ गमावणे, हेच खरे नुकसान.