पद्धतीचा प्रश्न : डॉ. ना. भा. खरे यांच्या राजकारणाचे पुनर्वाचन

पनवेल म्हटले की वाचकाला शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके आठवतात, धूतपापेश्वरचा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना आठवतो. १८८४ मध्ये याच पनवेलात जन्मलेले डॉ. नारायण भास्कर खरे मात्र क्वचितच आठवतात. त्यांची ओळख नागपूरची. लाहोरला वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी नागपुरात डॉक्टरी केली, काँग्रेसमध्ये नाव मिळवले आणि जुलै १९३७ मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. वर्षभरात ते पद गेले, आणि इतिहासात ‘खरे प्रकरण’ हा शब्द राहिला.

या प्रकरणाचे दोन अर्थ आपल्याकडे रूढ आहेत. एका अर्थाने खरे हे शिस्त मोडणारे काँग्रेसजन. दुसऱ्या अर्थाने हिंदी भाषक महाकोशल गटाने आणि श्रेष्ठींनी मिळून बळी दिलेला मराठी नेता. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेले खऱ्यांचे इंग्रजी आत्मचरित्र अर्थातच पहिल्याचे खंडन करते. पण दोन्ही अर्थ माणसांच्या स्वभावावर आणि हेव्यादाव्यांवर थांबतात. प्रकरणाच्या मुळाशी असलेला पद्धतीचा प्रश्न, म्हणजे सत्ता कोणाच्या संमतीने आणि कोणत्या मार्गाने वापरायची हा प्रश्न, त्यामुळे बाजूला राहतो.

आधी घटना पाहू. या एका प्रांतात काँग्रेसच्या तीन प्रांतिक समित्या होत्या : महाकोशल, नागपूर आणि विदर्भ. मंत्रिमंडळातही तशीच फळी पडली. एका बाजूला खरे, गोळे आणि रा. म. देशमुख, दुसऱ्या बाजूला रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता. मे १९३८ मध्ये पचमढीला श्रेष्ठींच्या साक्षीने समेट झाला, पण तो टिकला नाही. जुलैत खऱ्यांनी राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांकडेही राजीनामे मागितले. शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी पार्लमेंटरी बोर्डाच्या आदेशाशिवाय ते देण्यास नकार दिला. गव्हर्नर फ्रान्सिस वायली यांनी तिघांना बडतर्फ केले आणि २१ जुलैच्या पहाटे खऱ्यांच्या नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. हे मंत्रिमंडळ दोन-तीन दिवसच टिकले. वर्ध्याला श्रेष्ठींसमोर खऱ्यांना माघार घ्यावी लागली. कार्यकारिणीने त्यांना जबाबदारीच्या पदास अपात्र ठरवले आणि शुक्ल पंतप्रधान झाले.

खऱ्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. पंतप्रधानाने राजीनामा दिला की मंत्रिमंडळ संपते, हा संसदीय संकेतच आहे. मंत्र्याने आपल्या पंतप्रधानाचे ऐकायचे की प्रांताबाहेर बसलेल्या पक्षमंडळाचे, हा त्यांचा प्रश्न आजही प्रत्येक ‘हायकमांड’ला विचारता येतो. १९३७ च्या निवडणुकीत प्रांताच्या ११२ जागांपैकी सुमारे ७० काँग्रेसने जिंकल्या होत्या. मतदारांनी निवडलेले हे आमदार या पेचात जवळजवळ प्रेक्षकच राहिले.

पण खऱ्यांनी तरी आमदारांना कुठे विचारले? विधिमंडळ पक्षाची बैठक घेऊन बहुमत अजमावण्याचा मार्ग मोकळा होता. त्याऐवजी १९३५ च्या कायद्याने गव्हर्नरच्या मर्जीवर ठेवलेल्या अधिकाराचा त्यांनी आधार घेतला. याच अधिकाराचा वापर होणार नाही अशा आश्वासनासाठी काँग्रेसने १९३७ मध्ये कित्येक महिने सत्ता नाकारली होती. श्रेष्ठींच्या एकाधिकाराविरुद्धची तक्रार त्यांनी त्याहून मोठ्या एकाधिकाराच्या दारी नेली. दवाखान्यात निदान एकट्याचे असते आणि तातडी असेल तर उपायही एकट्याने ठरवावा लागतो. राजकारणात मात्र सहकाऱ्यांची संमती हा उपायाचाच भाग असतो. प्रश्न अचूक ओळखणाऱ्या या डॉक्टरांचा उपाय इथे चुकला.

या घाईतल्या मंत्रिमंडळात एक गोष्ट मात्र मोलाची होती. त्यात अग्निभोज हे दलित मंत्री होते. गांधींना ही नेमणूक रुचली नाही, असा खऱ्यांचा आरोप होता. डॉ. आंबेडकरांनी काँग्रेस आणि गांधींवरील १९४५ च्या ग्रंथात या नेमणुकीची दखल घेतली. नेमणुकीमागे तत्त्व किती आणि डावपेच किती, हा वाद राहील. पण तो प्रश्न खऱ्यांमुळे पुढे आला, याचे श्रेय त्यांना द्यावे लागते.

पुढचे खरे समजून घ्यायला दोन टप्पे पुरतात. १९४३ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. दक्षिण आफ्रिकेतील वंशभेदी जमीन कायद्यांविरुद्ध भारताने १९४६ मध्ये व्यापार तोडण्याचे पाऊल उचलले आणि तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे नेली, ती याच कारकिर्दीत. त्यांचे जुने सहकारी रा. म. देशमुख तेव्हा तिथे भारताचे हाय कमिशनर होते. खऱ्यांच्या सार्वजनिक सेवेतले हे सर्वांत भरीव पान.

दुसरा टप्पा काळा आहे. एप्रिल १९४७ मध्ये ते अलवर संस्थानाचे पंतप्रधान झाले. त्या वर्षी अलवर-भरतपूरमधील मेव मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर हत्या आणि हकालपट्टी झाली. गांधीहत्येनंतर केंद्राने त्यांना पदावरून दूर केले. हत्येच्या कटाशी त्यांचा संबंध चौकशीत आढळला नाही. पण प्रजेच्या रक्षणाची जबाबदारी कटाच्या आरोपातून सुटल्याने संपत नाही. श्रेष्ठींनी आपल्यावर केलेल्या अन्यायाचा हिशेब मांडणाऱ्या आत्मचरित्राची खरी परीक्षा मेवांच्या हिशेबाशी आहे, आणि तिथे ते उणे पडते.

मार्च १९५० मध्ये, हिंदू महासभेचे अध्यक्ष असताना, दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी त्यांच्यावर तीन महिन्यांच्या हद्दपारीचा हुकूम काढला. खरे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तीन विरुद्ध दोन अशा मतांनी हरले. मात्र बंधन वाजवी आहे का हे ठरवताना त्याची मुदत आणि व्याप्ती यांच्याबरोबर ते लादण्याची पद्धतही न्यायालयाने तपासावी, हे तत्त्व याच निकालात नोंदले गेले. राज्यघटना लागू होऊन तेव्हा चारच महिने झाले होते. खऱ्यांच्या नावाचा हा निकाल पुढे नागरी स्वातंत्र्याच्या खटल्यांत आधाराला घेतला गेला, त्यांत त्यांच्या राजकारणाशी काडीचा संबंध नसलेली माणसेही होती.

१९५२ मध्ये खरे ग्वाल्हेरहून लोकसभेत गेले. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना हुतात्मा ठरवणे सोपे आहे आणि बंडखोर ठरवणे त्याहून सोपे. पण १९३८ च्या पहाटे सहकाऱ्यांना डावलणारा आणि १९५० मध्ये हुकूमशाहीविरुद्ध दाद मागणारा माणूस एकच होता, हे धरून वाचले तर त्यांच्या चरित्राचा खरा उपयोग होतो. पद्धतीची किंमत त्यांना आपल्यावर वेळ आल्यावर कळली. ती आधी कळावी एवढ्यासाठी तरी पनवेलने आपल्या या डॉक्टरांना विसरू नये.