सौर पॅनेलच्या धड्यात राहून गेलेले

बालभारतीच्या इयत्ता दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' या पुस्तकातील 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हे प्रकरण आमच्या शिक्षकवाचकांपैकी बहुतेकांनी शिकवलेले असेल. औष्णिक, अणू, जल आणि पवन विद्युत केंद्रांनंतर त्यात सौर विद्युतघट येतो. या प्रकरणाबद्दल आमची एक तक्रार आहे. जे सांगितले आहे ते चुकीचे नाही. जिथे विषय थांबवला आहे, ती जागा मात्र चुकीची आहे असे आम्हांला वाटते.

आधी गुणांकडे पाहू. सिलिकॉनच्या एक चौरस सेंटिमीटर घटापासून सुमारे ३० मिलिअँपिअर धारा आणि ०.५ व्होल्ट विभवांतर मिळते, हे या प्रकरणात दिलेले आकडे विद्यार्थ्याला खरोखर उपयोगी पडतात. कारखान्यांच्या छपरांवर गेल्या दशकात बसलेले ३२५ वॅटचे नेहमीचे पॅनेल घ्या. त्यात ७२ घट एकसर जोडणीत असतात आणि प्रत्येक घट सुमारे १५.६ सेंटिमीटर बाजूचा, म्हणजे २४३ चौरस सेंटिमीटरचा असतो. पुस्तकाच्या हिशेबाने ३६ व्होल्ट आणि ७.३ अँपिअर यायला हवेत. पॅनेलच्या मागच्या पट्टीवर साधारण ३७ व्होल्ट आणि ८.७ अँपिअर लिहिलेले आढळते. नव्या घटांची कार्यक्षमता वाढल्यामुळे धारा थोडी जास्त आहे, एवढाच फरक. शालेय पुस्तकातला आकडा छपरावरच्या वस्तूशी इतका जुळावा, हे कौतुकास्पद आहे.

पुढे घटांचे पॅनेल होते, पॅनेलांच्या माळा होतात, इन्व्हर्टरमधून प्रत्यावर्ती धारा बाहेर पडते आणि विषय संपतो. पॅनेल नवे असते, कंपनीने तपासलेले असते आणि जाणकाराने बसवलेले असते, असे गृहीत धरले आहे. आज आपल्या आसपास तसे राहिलेले नाही. तळेगाव दाभाडे आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक छपरांवर पॅनेले आहेत. छप्पर बदलताना, जास्त वॅटची पॅनेले घेताना किंवा वादळवाऱ्यानंतर ती उतरवली जातात. उतरवलेले पॅनेल भंगारात जाते आणि तिथून कोणाच्या तरी गोठ्यावर, शेतातल्या खोलीवर किंवा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात येते. ते विकत घेणाऱ्याला सल्ला कोण देणार? गावातला वायरमन नाही तर विज्ञानाचे सर किंवा बाई. आणि त्यांच्या हाती हेच प्रकरण आहे.

जुने पॅनेल वापरूच नये, असे आमचे म्हणणे नाही. याच तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. लोकांकडून पैसा पैसा गोळा करण्याची अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना आणि लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा. काच करणाऱ्याला फुटक्या काचेची किंमत कळते, कारण ती भट्टीत पुन्हा वितळते. सौर पॅनेलच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश काच असते, म्हणजे २२ किलोच्या पॅनेलमध्ये १६ किलोच्या आसपास. पण ही काच घटांना प्लॅस्टिकच्या थराने घट्ट चिकटवलेली असते. ती वेगळी करणे खर्चाचे काम आहे. वाळूपासून सिलिकॉन काढताना खर्च झालेली ऊर्जा तर वितळवून परत मिळत नाही. म्हणून धड पॅनेल आणखी दहा वर्षे वापरणे हा त्याचा सर्वांत चांगला उपयोग. प्रश्न एवढाच, की धड कशाला म्हणायचे?

बाजारातली कसोटी सोपी आहे. पॅनेल उन्हात धरायचे, मल्टिमीटर लावायचा, ४० च्या वर व्होल्ट दिसले की पॅनेल 'पास'. या कसोटीतली चूक ओळखायला आपल्या प्रकरणातून मदत मिळत नाही, कारण त्यात विभवांतराचा ०.५ व्होल्ट हा एकच आकडा आहे. वर सांगितलेल्या पॅनेलला काहीही न जोडता मोजले तर सुमारे ४६ व्होल्ट दिसतात, म्हणजे दर घटाला ०.६४ व्होल्ट. हे खुले विभवांतर. भार जोडला की ते उतरते आणि अर्ध्या व्होल्टच्या आसपास घट सर्वाधिक शक्ती देतो. खुले विभवांतर प्रकाशावर फारच कमी अवलंबून असते. प्रकाश एक दशांश झाला तर धाराही जवळजवळ एक दशांश होते, पण विभवांतर साधारण दहा टक्क्यांनीच घटते. म्हणून ढगाळ दिवशीही मीटर ४१-४२ व्होल्ट दाखवतो. ज्या पॅनेलचे जोड आतून सुटत आले आहेत, तेही न जोडता मोजले तर उत्तमच दिसते. धावू शकेल की नाही हे रुग्णाला झोपवून ठरवण्यासारखाच हा प्रकार झाला.

हे वर्गात दाखवता येते. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी मिळते तसे १० वॅटचे छोटे पॅनेल, मल्टिमीटर आणि १२ व्होल्ट ५ वॅटचा मोटारसायकलचा दिवा एवढेच साहित्य लागते. प्रथम खुले विभवांतर मोजा. मग एका घटावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून पुन्हा मोजा. फार तर अर्धा-पाऊण व्होल्ट कमी होईल. आता दिवा जोडून तोच पुठ्ठा त्याच घटावर ठेवा. दिवा मंदावेल किंवा विझेल. एकसर जोडणीत सर्वांत दुबळा घट सगळ्यांची धारा अडवतो. झाकलेला घट तापतो, म्हणून पुठ्ठा मिनिटभरात काढा. या एका प्रयोगातून विद्यार्थ्याला कळते की मीटरवरचे व्होल्ट म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे.

मोठ्या पॅनेलमध्ये तापणाऱ्या घटाला वगळून धारा पुढे नेण्यासाठी मागच्या डबीत बहुधा तीन डायोड असतात. एक डायोड आतून जुळून गेला तर ४६ ऐवजी सुमारे ३१ व्होल्ट दिसतात आणि दोष पकडला जातो. पण डायोड तुटून खुला झाला तर मीटर पूर्ण ४६ व्होल्ट दाखवतो. मग झाडाची सावली पडली की तोच घट तापत जातो आणि मागचा थर करपतो. अधिक धोकादायक दोष बाजारच्या कसोटीत लपतो तो असा.

यापेक्षा मोठी त्रुटी विद्युतरोधनाविषयी आहे. पॅनेल किती वीज देते हा एक प्रश्न. ती वीज चौकटीत उतरते का, हा दुसरा. 'हरित' या शब्दाच्या भरात दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही. घट आणि ॲल्युमिनियमची चौकट यांच्यामध्ये काच, चिकट थर आणि मागचा प्लॅस्टिकचा पडदा एवढेच असते. उन्हाने या पडद्याला बारीक भेगा पडतात. कोरड्या दिवसांत काही जाणवत नाही. लोणावळ्याकडे वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मावळातल्या अशा पावसात भेगांतून पाणी शिरले, की चौकट आणि तिच्याखालचा पत्रा 'जिवंत' होऊ शकतो. गोठ्यात ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला आणि जनावराला हा धोका आहे.

याची मान्य कसोटी आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार रोधनाचा रोध आणि पॅनेलचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार ४० मेगॅओहम-चौरस मीटरपेक्षा कमी असता कामा नये. आपले पॅनेल सुमारे दोन चौरस मीटरचे, म्हणजे रोध किमान २० मेगॅओहम हवा. तो कोरड्या अवस्थेत आणि पाण्यात बुडवूनही मोजतात. यासाठी वायरमन ज्याला 'मेगर' म्हणतात ते उपकरण लागते आणि त्यातून ५०० किंवा अधिक व्होल्ट बाहेर पडतात. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाचेच, विद्यार्थ्यांचे नव्हे. पण ही चाचणी मागायची असते, हे ज्ञान मात्र दहावीच्या विद्यार्थ्याला देता येते.

मुंबईच्या आयआयटीतील प्रकाशविद्युत संशोधन केंद्राने २०१३ पासून राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेसह देशभरातील बसवलेल्या पॅनेलांची सर्वेक्षणे केली. उष्ण प्रदेशातील पॅनेले लवकर झिजतात आणि छपरावरच्या लहान मांडण्या मोठ्या सौर प्रकल्पांपेक्षा अधिक बिघडतात, असे त्यांत दिसले. भंगारातून आपल्याकडे येणारा माल छपरावरचाच असण्याचा संभव जास्त, हे लक्षात घ्यावे.

तिसरी उणीव जुळणीची. पुस्तकातला हिशेब पॅनेलपाशी थांबतो, बॅटरीपर्यंत जात नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीला ७२ घटांचे पॅनेल स्वस्तातल्या पी.डब्ल्यू.एम. चार्ज कंट्रोलरने जोडले, तर पॅनेल बॅटरीच्या विभवांतराला खेचले जाते. १३ व्होल्ट गुणिले ९ अँपिअर म्हणजे ११७ वॅट. घेतले ३२५, मिळाले ११७. उरलेली शक्ती वापरायची तर एम.पी.पी.टी. प्रकारचा कंट्रोलर हवा, आणि त्याची विभवांतराची मर्यादा थंडीचा विचार करून निवडायला हवी. घट थंड झाला की खुले विभवांतर अंशाला सुमारे ०.३ टक्के वाढते. पट्टीवरचा आकडा २५ अंशांचा असतो. पट्टीवर ४९ व्होल्ट असलेले पॅनेल डिसेंबरात १० अंशांच्या सकाळी ५१ व्होल्टांवर जाते. ५० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर तिथे जळण्याची शक्यता असते.

आणखी दोन गोष्टी विद्यार्थ्यांना माहीत हव्यात. घरातले बटण प्रत्यावर्ती धारेसाठी असते. ती धारा सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटणातली ठिणगी विझते. दिष्ट धारेत हा विसावा नसतो. म्हणून पॅनेलच्या तारांवर दिष्ट धारेसाठीचेच स्विच हवे आणि चालू परिपथाचे जोड हाताने उपटू नयेत. दुसरे फ्यूजचे. एकट्या पॅनेलचा लघुपरिपथ झाला तरी धारा नेहमीपेक्षा थोडीच वाढते आणि फ्यूज वितळतही नाही. बॅटरीतून मात्र शेकडो अँपिअर वाहू शकतात. आग लागते ती बहुधा त्या बाजूने. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकाशेजारी असलाच पाहिजे.

एवढे समजल्यावर भंगाराच्या ढिगासमोर निवड अवघड नाही. पहिला प्रश्न किमतीचा नसून 'हे का उतरवले?' हा असावा. गारपीट, आग किंवा गळती धारा हे कारण असेल तर पॅनेल घेऊ नये. काच तडकली असेल, मागचा पडदा चिरला किंवा जळला असेल, डबी वितळली असेल, कडेपर्यंत फुगे गेले असतील, तर ते कितीही व्होल्ट दाखवो, नाकारावे. तडकलेल्या काचेवर डिंक किंवा टेप लावून ती दुरुस्त होत नाही. पट्टी नसलेले पॅनेल नको. घट पिवळसर झाले असतील तर शक्ती कमी मिळेल, पण रोधन ठीक असेल तर ते चालू शकते. शाळेत एकच पॅनेल वापरावे, थंडीतही ५० व्होल्टांच्या आत राहणारे. टाकाऊ पॅनेल जाळू नये. त्यातील फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो आणि जोडांत शिसे असते.

पुस्तकावर टीका करताना कायद्यालाही सोडता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत सौर पॅनेलांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. उत्पादकांनी नोंदणी करावी, २०३४-३५ पर्यंत निर्माण होणारा पॅनेलांचा कचरा साठवावा, वार्षिक विवरण द्यावे, असे त्यात आहे. हे आवश्यकच आहे. पण 'वापरातले' आणि 'कचरा' यांच्या मधली जी अवस्था, तपासून पुन्हा वापरण्याजोगे पॅनेल, तिच्यासाठी कसोटी त्या प्रकरणात दिलेली नाही. त्यामुळे विकणाऱ्याला तपासणीचा कागद देण्याचे बंधन वाटत नाही आणि घेणाऱ्याला तो मागण्याचे सुचत नाही. सरकारने ही कसोटी ठरवावी. तोपर्यंत कागद मागण्याची सवय ग्राहकाला लागायला हवी, आणि ती वर्गातच लागू शकते.

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत यासाठी फार जागा लागणार नाही. खुल्या आणि भाराखालच्या विभवांतराचा फरक एका परिच्छेदात सांगता येईल, झाकलेल्या घटाचा प्रयोग एका चौकटीत बसेल, आणि रोधनाबद्दल चार ओळी पुरतील. आवृत्ती निघेपर्यंत शिक्षकांनी हा भाग आपल्या टाचणात जोडून घ्यावा. घरच्या गोठ्यावर बसवायला आणलेल्या जुन्या पॅनेलचे पट्टीवरचे आकडे वहीत उतरवून आणायला विद्यार्थ्यांना सांगावे. त्या आकड्यांवरून कोणता कंट्रोलर हवा, बॅटरीपर्यंत किती वॅट पोहोचतील आणि रोध किमान किती मेगॅओहम हवा, ही तीन उत्तरे त्यांना काढता आली, तर ते प्रकरण खऱ्या अर्थाने पूर्ण झाले असे म्हणता येईल.