कोपर कुठे आहे?

भाद्रपद जवळ आला की फोनवर गणपती हलू लागतात. कुणीतरी मूर्तीचा फोटो कापून घेतलेला असतो, सोंडेत चार-पाच पपेट पिना रोवलेल्या, कानांत दोन-दोन. सोंड लिबलिबते, पोट श्वास घेतं, आणि आशीर्वादाचा हात मनगटातून डावी-उजवीकडे झुलतो. देव भक्तांना टाटा करतो! हा टाटा यंदा इतक्या वेळा पाहावा लागला की आपल्याकडच्या द्विमितीय ॲनिमेशनबद्दल मनात साचलेलं सगळं एकदा लिहून टाकावं असं वाटलं.

कापलेला तो फोटो बऱ्याचदा पेणच्या परिसरातल्या मूर्तीचा असतो. हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांत घराघरांत कारखाने आहेत. रबरी साच्यात काथ्या घातलेलं प्लास्टर ओतलं जातं किंवा शाडू दाबला जातो, हात वेगळे काढून जोडले जातात, जोड भरून घासला जातो, मग रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. हा हात जोडणाऱ्या कारागिराला एक गोष्ट ठाऊक असते, जी मोशन ग्राफिक्सवाल्याला बहुतेक वेळा ठाऊक नसते. चार हातांच्या देहात मागचे दोन हात कुठून निघाले हे त्याला ठरवावंच लागतं. खांदे दोनच. मागचा हात पुढच्या हाताच्या किती वर, किती मागे, शेल्याच्या आड त्याचं मूळ कसं लपणार, हे साच्यातच ठरलेलं असतं. मूर्ती हलत नाही, पण हलली तर कुठून हलेल याचं उत्तर तिच्यात असतं. फोनवरच्या गणपतीत तेच नसतं. त्याचा अँकर पॉइंट, म्हणजे ज्याभोवती तुकडा फिरतो तो बिंदू, सॉफ्टवेअरने जिथे टाकला तिथेच पडून राहिलेला असतो.

आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये सपाट पात्र हलवण्याचे ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. एक कापण्याचा. दंड, हात, पंजा वेगवेगळ्या थरांवर काढायचे, सांध्याच्या जागी दोन्ही तुकड्यांना एकमेकांवर चढणारा गोल ठेवायचा, अँकर पॉइंट त्या गोलाच्या मध्यावर आणायचा आणि एकाला दुसऱ्याचं मूल करायचं. दुसरा रस्ता वाकवण्याचा. चित्रावर त्रिकोणांची जाळी पसरते, तीत पिना रोवायच्या आणि ओढायच्या. हे पपेट टूल २००७ साली सीएस३ बरोबर आलं आणि तेव्हापासून आपल्याकडच्या पात्रांची हाडं विरघळत चालली आहेत. त्यात रबरहोजसारखी साधनं आली, ज्यांत खांदा आणि मनगट दिलं की मधला हात नळीसारखा आपोआप वळतो. ड्युईक हे असंच एक साधन फुकट आहे आणि त्यात सांगाडा व इन्व्हर्स कायनेमॅटिक्स इतकं चांगलं आहे की दोष त्याला देताच येत नाही. दोष असा की कोपर काढायची गरजच उरलेली नाही.

लांबलचक हातपाय, चिमुकलं डोकं आणि जांभळी त्वचा असलेली ती सुखी माणसं आता सहकारी बँकेपासून ओला-सुका कचऱ्यापर्यंत सगळीकडे आहेत. २०१७च्या सुमाराला बक या स्टुडिओने फेसबुकसाठी ‘अलेग्रिया’ नावाची जी चित्रशैली घडवली, तिची ही नातवंडं. तिच्यामागच्या समावेशकतेच्या गप्पा मला पटत नाहीत. ही शैली जगभर पसरली ती नळीचा हात हलवायला स्वस्त पडतो म्हणून. मराठी पात्र हवं असलं की याच नळीवर फेटा किंवा पदर चिकटवतात. पदर कापडाचा आहे, तो सावरायला बाईचा एक हात सतत गुंतलेला असतो, नऊवारीचा काष्टा चालीत दिसतो, हे रिगला, म्हणजे पात्र हलवण्यासाठी बांधलेल्या सांगाड्याला, कुणी सांगायचं?

मांडीची गोष्ट तर त्याहून वाईट. तयार रिग चालतं, धावतं, लॅपटॉपसमोर खुर्चीत बसतं. मांडी घालत नाही, उकिडवं बसत नाही. मांडी घालताना गुडघा प्रेक्षकाकडे येतो, मांडीचं हाड चित्रात आखूड दिसतं, आणि ठरावीक लांबीच्या हाडाला ते जमत नाही. तिथे पायाचं वेगळं चित्र काढून ऐन वेळी बदलावं लागतं. म्हणजे पुन्हा चित्र काढणं आलं. म्हणून ग्रामसभेच्या फिल्ममध्ये सतरंजीवरचे गावकरी कमरेखाली कापलेले असतात.

थ्रीडी बालगणेशांबद्दल काही लिहावं असं त्यांत काही नाही. छोटा भीम हे खेळण्यांचं दुकान आहे. गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोज’ (२०१९) मला फार आवडतो, पण तो फ्रेम-फ्रेम रंगवलेला आहे, या वादात त्याला ओढणं अन्यायाचं ठरेल. एआय ज्या फोटोंना हलवतो त्यांत तर सांध्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण देहच नसतो.

मला ज्या परंपरेबद्दल बोलायचंय ती सांधा न लपवणाऱ्यांची आहे. लोटे राइनिगरने १९२६ साली ‘प्रिन्स अखमद’ केला तो पुठ्ठा आणि शिशाच्या पातळ पत्र्याच्या आकृत्यांनी, तारेने जोडलेल्या. बोटाच्या पेरापर्यंत सांधे, आणि तरी प्रत्येक हालचाल कुठल्या सांध्यातून निघाली ते दिसतं. आंध्रच्या तोलु बोम्मलाटातल्या चामडी आकृतीला खांदा, कोपर, गुडघा असतो, ओडिशाच्या रावणछायेत सांधाच नसतो. दोन्ही नाचतात, कारण आकृती कापणाऱ्याला तिचा खेळ आधीच माहीत असतो. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकरांकडे चित्रकथीच्या पोथ्या, चामड्याच्या बाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या तिन्ही आहेत. स्थिर चित्र, सपाट आकृती आणि लाकडी देह, एकाच घरात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण ‘लुप्त होत चाललेली कला’ म्हणून उसासे टाकले. मुंबई-पुण्यातल्या किती ॲनिमेशनच्या वर्गांनी मुलांना गाडीत घालून कुडाळला नेलं?

सांधा दाखवा म्हणजे प्रत्येक कोपरात खिळा ठोका असा अर्थ कुणी काढू नये. युरी नॉरस्टाइन तुकडे जोडतसुद्धा नाही, काचांच्या थरांवर सुटे ठेवून चिमट्याने सरकवतो, आणि ‘हेजहॉग इन द फॉग’मधलं ते काटेरी बाळ १९७५पासून आजवर दचकतंय. ‘साऊथ पार्क’चा पहिला भाग रंगीत कागद कापून केला होता. पुढे ते लोक महागड्या थ्रीडी सॉफ्टवेअरवर गेले आणि त्यातही कागदाचाच धक्का जपून ठेवला. आपण फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही डिस्नेची गुळगुळीत चाल शोधतो.

ही गुळगुळीतपणाची ओढ आपल्याकडे जुनी आहे. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला क्लेअर वीक्स आले तेच डिस्नेतून, आणि पुढच्या वर्षी ‘बनियन डिअर’ तयार झाला. त्याचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. पण त्याच संस्थेतून १९७४ साली विजया मुळे आणि भीमसेन यांची ‘एक अनेक और एकता’ निघाली, वसंत देसाईंच्या संगीतावर. तिच्यात माणसं फार हलत नाहीत. उभी राहतात, एक हात उचलतात, थांबतात. ती हातानेच चितारलेली होती, रिग नव्हतं, पण रिग करणाऱ्याने शिकावं असं सगळं त्यात आहे. पन्नास वर्षांनंतरही दूरदर्शनवर वाढलेल्या माणसाला ती आठवते. मागच्या महिन्यातला कुठला एक्सप्लेनर व्हिडिओ कुणाला आठवतोय?

थांबणं हा शब्दच वर्गांतून हद्दपार झालाय. मुलगा पहिल्या आठवड्यात एफ-९ दाबायला शिकतो आणि त्यानंतर त्याचं प्रत्येक पात्र हळू निघतं, हळू पोहोचतं, चापट मारतानासुद्धा. पोझ जागच्या जागी धरून ठेवणारी होल्ड कीफ्रेम कुणी शिकवत नाही. शिकवणाऱ्यांचं म्हणणं असं की क्लायंटला ‘स्मूद’ हवं असतं आणि हाताने पोझ काढायला पैसे नसतात. हिशेब करू. तीस सेकंदांची फिल्म, पंचवीस फ्रेमने साडेसातशे फ्रेम. एक पोझ दोन फ्रेम टिकवली तर पावणेचारशे. भक्कम पोझ घेऊन ती पाऊण-पाऊण सेकंद धरली तर चाळीस चित्रं. नळीच्या हाताची वळणं आणि घसरणारे पाय लपवण्यात जो आठवडा जातो त्यात चाळीस चित्रं होतात. पैशाचा प्रश्न यात नाही. चित्र काढता येत नाही हा प्रश्न आहे, आणि ती उणीव झाकायला रिग विकत घेतलं जातं. क्लायंटच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं, पण त्याच्यासमोर दुसरा नमुना ठेवलाच कधी?

तेव्हा नव्या प्लगइनची यादी मला कृपया पाठवू नका. पंगतीला मांडी घालून बसलेली, डाव्या हाताने पदर सावरत उजव्या हाताने भात कालवणारी एक बाई रिग करून पाठवा.