उंच बोनेटचं कारण

सीजे-३बी जीप बाजूनं बघावी. मडगार्ड सपाट आणि खाली, दारं नाहीतच, मागची पेटी बुटकी, आणि या सगळ्यांतून बोनेट एकटंच वर आलेलं. तिच्या आधीच्या सीजे-३एमध्ये बोनेट आणि मडगार्ड यांचं जमलेलं होतं. ३बीमध्ये ते बिनसलं. मडगार्ड होतं तिथंच राहिलं, बोनेट उंच झालं, पुढची जाळी ताणली गेली आणि तिच्या उभ्या फटी लांब झाल्या. पुष्कळांना हा चेहरा बेढब वाटतो. मला तो जीपच्या सगळ्या चेहऱ्यांत प्रामाणिक वाटतो, कारण तो कुणी सुंदर दिसावा म्हणून काढलेलाच नाही. आत मावेना म्हणून झाकण वर गेलं, एवढंच.

मावत नव्हतं ते इंजिन. म्हणजे जुन्या गाडीत नवं इंजिन घालायचं का, या प्रश्नाचं एक उत्तर या गाडीच्या तोंडावर १९५३ सालीच पत्र्यात काढून ठेवलेलं आहे. बेळगावच्या शहापुरात, खडेबाजारापासून चार गल्ल्या आत, आमच्या ओळखीच्या एका काकांची अशीच पेट्रोल ३बी सध्या बोनेट उघडून उभी आहे आणि तिच्याभोवती रोज संध्याकाळी हाच प्रश्न चघळला जातो. निळा धूर, तेलाच्या टोपणातून येणारी वाफ, चढाला कमी पडणारा दम. इंजिनाचं काम करून घ्यायचं, की ते उतरवून डिझेल बसवायचं? मत देणारे खूप. गाडी नीट वाचणारे थोडे.

वाचायला सुरुवात करावी ती इंजिनाच्या मापांपासून. सिलिंडरचा व्यास ७९.४ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १११ मिलिमीटर. धाव व्यासाच्या जवळजवळ दीडपट. ही मापं जीपसाठी ठरवलेली नाहीत. जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीच्या १९२०च्या दशकातल्या ‘व्हिपेट’ या साध्या मोटारीच्या इंजिनाचा हा वंश आहे. पुढे डेलमार ‘बार्नी’ रूस हा अभियंता कंपनीत आला. हाताशी जुनं, ४८ अश्वशक्तीचं इंजिन होतं आणि नवं करायला पैसा नव्हता. त्यानं तेच इंजिन घेतलं, एकेक भाग सुधारला आणि ६० अश्वशक्तीपर्यंत आणलं. १९४० साली अमेरिकन लष्करानं छोट्या चारचाकी ओढीच्या गाडीसाठी चाचण्या घेतल्या, तेव्हा बँटम आणि फोर्ड यांची इंजिनं पंचेचाळीसच्या आसपास घुटमळत होती. विलिसची गाडी वजनाला जड होती, पण ओढीला तिच्यापुढे कुणी नव्हतं. ‘गो डेव्हिल’ म्हणतात ते हे इंजिन. युद्धातली जीप जिच्या जोरावर नावाजली ती वस्तू मुळात दुरुस्त करून, घासूनपुसून वर आणलेली होती, हे मला फार आवडतं.

दुसरी पायरी आणखी रसाळ आहे. युद्धानंतर जास्त ताकद हवी होती. ‘गो डेव्हिल’मध्ये दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला उभे होते. विलिसनं खालचा ब्लॉक आणि मापं जवळपास तशीच ठेवली, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खालीच राहू दिला, आणि हवा-पेट्रोल आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह मोठा करून वर हेडमध्ये नेला. वरून रॉकर आले, त्यावर कव्हर आलं. अश्वशक्ती साठावरून बहात्तर-पंचाहत्तरला गेली आणि इंजिन उंच झालं. हेच ‘हरिकेन’ किंवा एफ-१३४, २१९९ सीसी. त्याच्यासाठी गोलसर बोनेटची नवी बॉडी लष्करी गाडीत १९५२मध्ये आलीच होती आणि तीच पुढं सीजे-५ झाली. ३बी म्हणजे मधल्या काळातली तात्पुरती सोय: जुनी बॉडी, नवं इंजिन, आणि दोघांचं जमावं म्हणून उंच केलेलं बोनेट. तात्पुरत्या गोष्टी आपल्याकडे किती टिकतात ते सांगायला नको. महिंद्रांनी मुंबईत, माझगावला, १९४०च्या दशकाच्या अखेरीस जीप जुळवायला घेतल्या होत्या. पुढं इथं रुजली ती ३बी. अमेरिकेत ती १९६८मध्ये बंद झाली, इथं तिची नातवंडं-पतवंडं २०००नंतरही निघत राहिली.

आता ही लांब धाव चालवताना कशी कळते ते बघा. जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना डांबर सोडून आत वळलं की पावसाळ्यात तांबड्या मातीचा नुसता लगदा असतो. तिथं गाडीला पळायचं नसतं, थांबायचंही नसतं. ३बीचा पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६, हौसिंगमधला क्राउन-पिनियन ५.३८. गुणाकार केला तर सदतीस. इंजिनाच्या सदतीस फेऱ्यांना चाकाची एक फेरी. मिनिटाला हजार फेऱ्यांवर इंजिन ठेवलं तर गाडी तासाला साडेतीन किलोमीटरनं जाते, बाजूनं चालणारा माणूस तिच्या पुढं निघून जाईल. आणि तिथं ॲक्सिलरेटर दाबावा लागत नाही. पिस्टनची धाव लांब असल्यानं क्रँकचा हात लांब. पहार जितकी लांब तितका दगड सहज हलतो, तसं कमी फेऱ्यांतच काम होतं. या इंजिनाची सगळ्यात जास्त ओढ, सुमारे १५५ न्यूटन-मीटर, २००० फेऱ्यांनाच येऊन जाते. त्याच्यावर नुसता आवाज वाढतो. ज्यांना हे इंजिन ‘मारत नाही’ अशी तक्रार असते, ते बहुतेक त्याला वरच्या फेऱ्यांत शोधत असतात.

काकांच्या गाडीपाशी परवा मिस्त्री म्हणाला, ‘काका, उतरवूया की ओ हे. डीआय बसवतो बघा. पेट्रोलच्या मागं कशाला लागलाय तुम्ही?’

काका म्हणाले, ‘अरे बाबा, चढायला काय कमी पडालंय तेवढं सांग आधी. मग पेट्रोलचं बघूया.’

काकांनी प्रश्न बरोबर जागी आणला. इंजिन थकलंय की इंजिन चुकीचं आहे, हे दोन वेगळे रोग आहेत. थकलेल्याचं निदान अर्ध्या दिवसात होतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं, तेल घालून पुन्हा मोजायचं. तेल घातल्यावर वाढलं तर रिंग-पिस्टन गेलेत, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. तेलाचा दाब गरम इंजिनावर बघायचा. या जातीच्या ब्लॉकला एकच मोठी भीती: एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरकडे जाणारा तडा. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये ठेवल्याची ती किंमत आहे. तडा नसेल तर बाकी सगळं लेथवरचं काम आहे: रीबोअर, नाही तर स्लीव्ह, क्रँकचं ग्राइंडिंग, नवी बेअरिंगं. आणि बेळगावात राहून लेथच्या कामाला घाबरायचं म्हणजे नदीकाठी राहून घागरीची चिंता करायची. उद्यमबागेत बीडाचं ओतकाम आणि त्यावरचं यंत्रकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. वीस थाऊ, चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ही भाषा इथल्या पोरांना शाळेआधी कळते.

तरीही मिस्त्रीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कारण तो जे करू म्हणतोय ते खुद्द महिंद्रांनी केलेलं आहे, तेही दोन वेगवेगळ्या स्वभावांच्या इंजिनांनी. एक फ्रेंच. प्यूजोच्या परवान्यावर एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून इगतपुरीच्या कारखान्यात. २११२ सीसी, ६२ अश्वशक्ती. मापं वाचा: व्यास ९०, धाव ८३. धाव व्यासापेक्षा कमी! म्हणजे मोटारीच्या घरात वाढलेलं, फेऱ्या मागणारं डिझेल. पूर्ण ताकद ४५०० फेऱ्यांना, ओढ साधारण १२० न्यूटन-मीटर. डिझेल म्हणजे जास्त ओढ असं आपण डोळे मिटून म्हणतो, पण कागदावर हे डिझेल आपल्या जुन्या पेट्रोलपेक्षा कमी ओढतं. (कागदावर, कारण तेव्हाचे अमेरिकन आकडे पंखा-सायलेन्सर सोडून, उघड्या इंजिनावर मोजलेले असत. प्रत्यक्षात फरक कमी आहे, पण उलटा नाही.) प्यूजो आलं ते पैसे वाचवायला. ॲव्हरेज वाढलं, जीप वडापाला परवडू लागली, निपाणीच्या तंबाखूवाल्यांपासून चंदगडच्या काजूवाल्यांपर्यंत सगळ्यांकडे गेली. चढाचा आनंद वाढला असं कुणी म्हणू नये.

दुसरं मिस्त्रीचं डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन डिझेल. २५२३ सीसी, व्यास ८८.९, धाव १०१.६. हे आकडे मिलिमीटरमध्ये विचित्र दिसतात, इंचात लख्ख होतात: साडेतीन आणि चार. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर-इंजिनाचं हे घराणं. शेतातून आलेलं म्हणून कमी फेऱ्यांत खेचतं, स्वभावानं ‘हरिकेन’च्या जवळचं. बोलेरोत गेलं, पहिल्या थारच्या डीआय मॉडेलमध्येही होतं. जांबोटीच्या चिखलात मला प्यूजोपेक्षा हेच बरं वाटतं. पण मिस्त्री जे सांगत नाही ते असं: हे इंजिन ३२०० फेऱ्यांच्या आसपास संपतं. काकांच्या गाडीचं हौसिंग ५.३८चं. १६ इंची जुन्या मापाच्या टायरवर ताशी ८० धरले तर इंजिन जवळपास ३२५०वर असेल. म्हणजे पुणे-बंगळूर हमरस्त्यावर, मागं ट्रकचा हॉर्न आणि पुढं मोकळा रस्ता असताना, गाडी तिथंच अडकणार. मग हौसिंगचं क्राउन-पिनियन बदला, ते बदललं की लोमधली सदतीसची चाल गेली. अडॅप्टर प्लेट, बेल हाउसिंग, नवे माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, जड इंजिनाखाली दबणारे पुढचे पाटे. एक शब्द बदलायला जावं आणि सगळं कडवं पुन्हा लिहावं लागावं, असं हे काम.

आणि गंमत अशी की बोनेट उंच झालं ते ‘हरिकेन’साठी, या डिझेलांसाठी नव्हे, तरी ते वर ते वरच राहिलं. कारण गेलं, आकार राहिला. पुढं त्या आकारालाच ‘जीपसारखी जीप’ म्हणू लागले.

कागदांचा भाग थोडक्यात. आरसीवर इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीतल्या बदलांविषयी आहे आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कडक अर्थानं वाचलं: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. पेट्रोलच्या आरसीवर डिझेल घालायचं तर आरटीओची परवानगी आधी, पाना नंतर. त्यात २०२१च्या नियमांनी एक नवी गोष्ट आणली. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. काकांची गाडी १९६०च्या दशकातली. डीआय बसवलं की ते दार बंद. अर्थात व्हिंटेज झाली की ती रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली आणि तेवढ्यापुरतीच. शेताला जाणारी गाडी आरशासमोर बसवून ठेवायची का, हाही प्रश्नच.

पेट्रोल ठेवायचं तर मात्र एक खर्च आजचा आहे, १९५३चा नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या कार्बोरेटरचे गास्केट, पंपाचं डायफ्राम, रबरी नळ्या यांना ते सोसत नाही. टाकीत पाणी धरतं, गंज सोडतं. काकांच्या गाडीचा ‘दम’ निम्मा इथंच हरवला असेल, अशी मला शंका आहे. इंजिन उतरवायच्या आधी टाकी उतरवावी, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्यात, कार्बोरेटर धुऊन जेट बघावेत. मग कॉम्प्रेशन मोजावं. या क्रमाला गॅरेजमध्ये कुणी मान देत नाही, कारण त्यात फारसं बिल होत नाही.

काकांचा पुतण्या तिसरंच स्वप्न बघतो: मोडक्या थारचं कॉमन रेल सीआरडीई, १०५ अश्वशक्ती. त्याला मी गाडीखाली वाकून चाक दाखवलं. ३बीचे ब्रेक नऊ इंची ड्रम. साठ-पंचाहत्तर अश्वशक्तीच्या, रिकामा रस्ता धरून चालणाऱ्या गाडीचे. त्यांच्यावर शंभरावर अश्वशक्ती सोडून चोर्ला घाट उतरायचा असेल तर इंजिनाआधी ब्रेक, ब्रेकसाठी ॲक्सल, ॲक्सलसाठी पाटे, आणि मग ती जीप उरली कुठं? ‘मग नवी थारच घेतो की,’ तो म्हणाला. घे की. ते उत्तर डीआय बसवण्यापेक्षा सरळ आहे.

माझं मत काकांना सांगून झालंय. ब्लॉकला तडा नसेल तर हेच इंजिन रीबोअर करून, चाळीस थाऊपर्यंत जागा आहे तोवर वापरावं. तडा असेल तर दुसऱ्या ३बीचा ब्लॉक शोधावा, कारण रूसपासून आजवर या इंजिनानं जे जे दिलं ते त्याच धावेनं दिलंय. गाडी रोज पन्नास किलोमीटर माल ओढत असती तर मीच मिस्त्रीच्या बाजूनं बोललो असतो, आणि प्यूजो नाही, डीआयच म्हटलं असतं. पण ती आठवड्यातून एकदा शेताला जाते आणि आषाढात कणकुंबीला. मिस्त्रीनं मान हलवली, खिशातून खडू काढला आणि ब्लॉकवर एक्झॉस्टच्या चार बैठकांपाशी चार गोल काढले. उद्या तिथं डाय लावून तडा बघणार आहे.