पडत्या काळातील श्रद्धा : ‘स्मृतिचित्रे’चे पुनर्वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) या आत्मचरित्राची चर्चा बहुधा त्यातील विनोदाभोवती फिरते. श्रद्धेचा प्रश्न चरित्रविषयक तपशिलात जमा होतो. ही विभागणी तपासून पाहावयास हवी. संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’मध्ये उद्यानातील एका निर्णायक क्षणी मनःपरिवर्तन घडते आणि आधीचे आयुष्य त्या क्षणाच्या उजेडात वाचले जाते. लक्ष्मीबाईंच्या निवेदनाला असा केंद्रबिंदू नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ताटातूट, लोकनिंदा आणि सोवळ्याओवळ्याशी झटापट सोसून लक्ष्मीबाईंनी तो १९०० साली स्वीकारला. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, या घरगुती प्रश्नातून त्यांचा विश्वास वाढतो. म्हणूनच येथील विनोद अलंकार ठरत नाही. दुःख सांगताना स्वतःला हुतात्मा न मानण्याची ती रीत आहे. टिळकांच्या निधनानंतर (१९१९) त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. शोकाला त्यांनी दिलेले उत्तर ओवीचे आहे, आणि ओवी ही पूर्वाश्रमीच्या परंपरेचीच देणगी.

अर्थात हे लेखन उतारवयातील आहे. त्यातील प्रसन्नता १८९५ ची किती आणि पुढे कमावलेली किती, हे वेगळे काढता येत नाही. शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ साली दिल्लीहून प्रसिद्ध झाल्याने तौलनिक अभ्यासाची वाट रुंदावली आहे. मात्र ज्या घरगुती बोलीत ही श्रद्धा तगली, तिचा विचार मूळ मराठीपाशीच करावा लागेल.