जनुके, वस्ती आणि नैराश्य : लातूर-नांदेडच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
प्रौढांमधील नैराश्य हा अनुवंशाचा वारसा की परिस्थितीची परिणती, हा वाद जुना आहे. दोन्हींच्या संयुक्त परिणामाचा सिद्धांत आज सर्वमान्य दिसतो. तथापि त्यामागील पुरावा तपासणे अगत्याचे ठरते.

पुराव्याचे स्वरूप :
जुळ्यांच्या अभ्यासांवरून सलिव्हन, नील व केंडलर यांनी 2000 मध्ये नैराश्याची आनुवंशिकता सुमारे 37 टक्के ठरविली. हा आकडा लोकसमूहातील भिन्नतेविषयीचा आहे. एखाद्या रुग्णाचे 37 टक्के दुःख जनुकांतून आले, असा त्याचा अर्थ नव्हे. सेरोटोनिन-वाहक जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेल्यांना जीवनातील आघात अधिक खचवितात, असे कॅस्पी व सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधील अभ्यासावरून 2003 मध्ये मांडले. परंतु रिश व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 14 अभ्यास एकत्र तपासले असता या दाव्यास आधार मिळाला नाही. आघात व नैराश्य यांचा संबंध मात्र टिकला. बॉर्डर व सहकाऱ्यांच्या 2019 मधील संशोधनात बहुचर्चित 18 जनुकांचे दावेही टिकले नाहीत. अत्यल्प प्रभावाची असंख्य जनुके येथे कार्यरत असावीत, असे आता मानले जाते.

वस्तीचा प्रश्न :
निवासी परिसराच्या अभ्यासातही एक मूलभूत अडचण आहे. माणसे बहुधा आपली वस्ती निवडतात किंवा परिस्थितीमुळे तेथे ढकलली जातात. त्यामुळे वस्तीने नैराश्य आणले की नैराश्याच्या प्रवृत्तीने त्या वस्तीत आणले, हे ठरत नाही. या दृष्टीने किल्लारीचे उदाहरण महत्त्वाचे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात सुमारे 8 हजार माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे कोसळली आणि पुढे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. दाटीवाटीच्या गल्ल्यांच्या जागी रुंद रस्ते व आखीव रांगा आल्या. कुटुंबांची जनुके तीच राहिली, परिसर मात्र बदलला. आणि हा बदल व्यक्तीच्या निवडीने झाला नव्हता.

तथापि येथेही सावधगिरी हवी. जी गावे हलविली, तेथेच मनुष्यहानी सर्वाधिक होती. त्यामुळे आप्तांच्या मृत्यूचा शोक आणि शेजार तुटल्याचे एकटेपण यांचा परिणाम वेगळा काढल्याशिवाय नव्या वसाहतींना दोष देता येणार नाही, अथवा निर्दोषही ठरविता येणार नाही. नांदेडमध्ये 2008 च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने झालेल्या शहरविकासाचे मूल्यमापन करतानाही रस्ते व इमारतींबरोबर रहिवाशांच्या मनःस्वास्थ्याचा विचार व्हावयास हवा.

निष्कर्ष :
2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील 12 राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. परदेशातील जनुकीय निष्कर्ष मराठवाड्यास जसेच्या तसे लावण्यात दुहेरी धोका आहे : पुरावा अपुरा, आणि ‘घराण्यातच आहे’ असे म्हणून पाणी, कर्ज व निवारा यांची जबाबदारी झटकण्याची सोय. जनुके बदलता येत नाहीत. वस्ती मात्र माणसेच आखतात. म्हणूनच परिसराचे मोजमापही जनुकांइतक्याच काटेकोरपणे होणे आवश्यक आहे.